परक्या बाईचं सुतक

आंबेकोंडावरची लढाई मे महिन्यात सुरू झाली, आणि ती लढणारे सगळेच्या सगळे मुंबईहून सुट्टीला आलेले होते.

पोलादपूर सोडून आंबेनळी घाटाला लागलं, की थोड्या वेळाने डाव्या हाताला एक कच्चा रस्ता वर चढतो. त्याच्या टोकाला हा कोंड. घरं एकतीस, आडनाव एकच, उतेकर. म्हणजे सगळी मिळून एक भावकी. एरवी वर्षभर इथे म्हातारी माणसं आणि गुरं असतात. मे उजाडला की विक्रोळी, दिवा, नालासोपाऱ्याहून चाकरमानी येतात, आंबे खातात, क्रिकेटचे सामने भरवतात, मंडळाची सत्यनारायणाची पूजा घालतात आणि गावात कशी काही सुधारणा नाही म्हणून गावातल्यांनाच बोल लावून परत जातात. त्या वर्षी त्यांना सुट्टीत लढाई मिळाली. दूर उत्तरेला सीमेवर तोफा वाजू लागल्या आणि इकडे देवळाच्या पारावर एकेकाच्या अंगात वारं भरलं. मोबाइल चार्जिंगला लावायचा, मांडी घालून बसायचं आणि समोरच्याची शहरं उडवायची, हा उद्योग न्याहारीपासून सुरू व्हायचा.

प्रयागबाईचं घर पाराला लागूनच. ओट्यावर नाचणी पाखडता पाखडता तिला सगळं ऐकू यायचं. साठीची विधवा बाई, तोंडाने फटकळ, आणि बापयांच्या गप्पांची तिला उभ्या जन्मात कधी भूल पडली नव्हती. पारावरचा मुख्य सेनापती होता तिचा भावकीतला पुतण्या राजेश, मंडळाचा अध्यक्ष. विक्रोळीला तो सोसायट्यांच्या लिफ्ट दुरुस्त करायचा.

"काकी, आज फुल्ल अ‍ॅटॅक हाय बघ!" तो ओरडून सांगायचा.

"कुनी सांगितलान तुला?"

"ग्रुपवर आलाय."

"मग त्या ग्रुपवर जरा टाक, झऱ्यावर पंप कवा बसवताव म्हनून. दोन-चार शहरं कमी उडवलाव तरी चालंल."

राजेश हसायचा. अशा माणसांचं हेच असतं, अपमान त्यांच्या अंगाला लागत नाही. एका संध्याकाळी त्यांनी काळोखाचा सराव घेतला. शिट्टी वाजली की सगळ्यांनी दिवे मालवायचे. आंबेकोंडावर तशीही संध्याकाळी दोन तास वीज नसते, त्यामुळे कोंडाला काळोखाचा सराव जन्मापासून होता; पण ह्या शूरांना स्वतःहून केलेला काळोख हवा होता. दिवे मालवले आणि पुढच्याच मिनिटाला वीस जणांनी त्याचा व्हिडिओ काढायला मोबाइलच्या बॅटऱ्या पेटवल्या. प्रयागबाईने कपाळावर हात मारला आणि आत जाऊन भाकरी थापायला घेतली.

मात्र ह्या वाऱ्यात तिचीही फुंकर होती, हे तिला नाकारता आलं नसतं. तिचा एकुलता एक मुलगा प्रवीण पोकलेन चालवायचा. घाटात दर पावसाळ्यात कोसळणाऱ्या दरडी उपसत त्याने हात बसवून घेतला होता. पुढे एका रस्त्याच्या ठेकेदाराने त्याला थेट जम्मूकडच्या डोंगरात नेलं, आणि गेल्या दिवाळीनंतर प्रवीणने बायको-मुलीलाही तिकडे नेऊन सीमेजवळच्या एका खेड्यात खोली घेतली. झऱ्यावर बायका जमल्या की प्रयागबाई म्हणायची, "माझा प्रवीण बॉर्डरवर असतो." ते खोटं नव्हतं. ऐकणाऱ्या बायका त्याच्या हातात बंदूक बघायच्या आणि प्रयागबाई त्यांना बघू द्यायची.

मग एका दुपारी पोलादपूरच्या स्टँडवरून सुनेचा फोन आला. सेजल परत आली ती एक पिशवी आणि चार वर्षांची राजनंदिनी घेऊन. ठेकेदाराने बायका-मुलांना ट्रकात घालून जम्मूला आणलं होतं आणि गाडीत बसवून दिलं होतं. मशीन सोडून येता येत नाही म्हणून प्रवीण मागेच राहिला होता. तो सुखरूप आहे हे सेजलने पहिल्याच वाक्यात सांगितलं, आणि त्यानंतर जवळजवळ काहीच सांगितलं नाही.

दोन दिवस प्रयागबाईने वाट पाहिली. सून डोक्याला तेल लावेना. आमरसाची वाटी पुढे केली तर बाजूला सारी. दिलेली गादी गुंडाळून ठेवी आणि उघड्या भुईवर निजे. प्रयागबाईच्या मनात आलं, परमुलखात राहून हिला आमचं अन्न गोड लागेनासं झालं. तसं ती बोललीही एकदा. सेजलने मान खाली घातली आणि ताटातली कोरडी भाकरी संपवली.

त्यात क्रिकेटचे सामने. नांगरायच्या शेतात खेळपट्टी केलेली, आणि षटकार बसला की सुतळी बॉम्ब लावायचा. पहिला बार झाला तशी राजनंदिनी खेळता खेळता उठली, एक शब्द न बोलता कणगीमागच्या सांदीत शिरली आणि दोन्ही कानांवर हात ठेवून बसली. रडली नाही. रडली असती तर प्रयागबाईला इतकं लागलं नसतं. ती तशीच पदर खोचून मैदानावर गेली.

"बंद करा रे ते बार! पोर भियालीय माझी."

"काकी, ती फायटरची पोरगी हाय. सवय होयाला पायजे," राजेश म्हणाला.

"तुला कसली सवय झालीय ती दिसतेय. बसल्या जागी दुसऱ्याची पोरं दारूगोळ्यात लोटायची."

बार दहा मिनिटं थांबले. मग कोणीतरी षटकार मारला.

दुसऱ्या दिवशी राजेश घरी आला. बरोबर त्याची आई गीताबाई, म्हणजे प्रयागबाईची चुलत जाऊ. ह्या दोघींचं गेल्या वीस वर्षांत एकदाच पटलं होतं, ते शेजारच्या बैलाला हाकलताना. राजेशने मोबाइल काढून फलकाचं चित्र दाखवलं. मध्ये रणगाडा, वर विमान, आणि रणगाड्याच्या शेजारी सेजल, हळदीच्या दिवशीच्या फोटोतली, मुंडावळ्या कापून काढलेली. खाली लिहिलं होतं, 'सीमेवरची रणरागिणी, आंबेकोंडाची सून'. त्याखाली मंडळाच्या तेवीस जणांचे फोटो होते, आणि ते तिच्या फोटोपेक्षा मोठे होते.

"परवा पूजा. पूजा झाली की वैनींचा सत्कार. साडी, शाल, श्रीफळ. पाव्हनं येतायत पोलादपूरचं, यंदा इलेक्शनला उभं ऱ्हानार हायत. वैनींनी फक्त दोन मिंट बोलायचं, तिकडं कसा धडा शिकवला ते."

"कुनी कुनाला शिकवला?" सेजलने विचारलं. आल्यापासून तिने स्वतःहून विचारलेला हा पहिला प्रश्न.

राजेश गोंधळला. "म्हंजे... आपन. तुमी बघितलं असंल ना?"

"मला नाय बोलायचं, भावजी."

"नाय कसं? फ्लेक्स लागला ना फाट्यावर! सहाशे मानसाचं जेवान सांगितलंय."

"नशीब लागतं गो पोरी," गीताबाई म्हणाली. "आमच्या सुनांना कोन इचारतंय?"

ती दोघं गेल्यावर प्रयागबाईला गुदगुल्या झाल्या नाहीत असं नाही. जावेच्या सुनेला कोणी विचारत नाही आणि आपल्या सुनेचा फलक फाट्यावर लागतो, हे सुख लहान नव्हतं. दोन वाक्यं बोलायला काय जातं हिच्या बापाचं, असंही तिच्या मनात आलं. ह्याची तिला पुढे फार लाज वाटली.

संध्याकाळी दोघी झऱ्यावर गेल्या. मे अखेरीला आंबेकोंडाचा झरा करंगळीएवढा वाहतो. करवंटीने पाणी हंड्यात घालत बसायचं. एक हंडा भरायला अर्धा तास. तिथे बसलेल्या बाईला बोलण्यावाचून दुसरं काम नसतं. प्रयागबाईने सुनेच्या कोरड्या, गुंतलेल्या केसांकडे पाहिलं. तेल नाही, गोड नाही, भुईवर निजणं. आणि इतक्या दिवसांत जे तिच्या डोक्यात शिरलं नव्हतं ते एकदम शिरलं.

"सेजल, तू सुतक पाळतेस काय गो?"

सेजलची करवंटी थांबली. "हो."

"कुनाचं? माझा लेक..."

"नाय, नाय आई! ते बरे आहेत. देवाशपथ." तिने घाईघाईने सासूचा हात धरला. "आमच्या घरमालकिणीचं. रेशम बी."

मग तिने सांगितलं. खालून वर, वरून खाली, जसं आठवेल तसं. रेशम बी पन्नाशीची, नवरा नाही, मुलगा सौदीत. सेजल पहिल्यांदा तिकडच्या थंडीत आजारी पडली तेव्हा रेशम बीने तिला आपल्या चुलीशेजारी निजवली. राजनंदिनीला, घरच्या राजूला, ती राणी म्हणायची. दोघींना एकमेकींची भाषा निम्मी कळायची आणि उरलेलं हातवाऱ्यांनी. गोळे पडायला लागले तसं गाव रिकामं झालं. ज्याला ट्रक मिळाला तो ट्रकाने, ज्याला नाही तो पायी. रेशम बी गेली नाही, कारण तिची म्हैस आज-उद्या व्यायची होती आणि अशा म्हशीला ट्रकात कोण घेणार? सेजल गेली नाही, कारण प्रवीण सहा मैलांवर कामावर अडकला होता आणि तो इकडेच येईल म्हणून ती वाट पाहत होती. दोघी आणि पोर, खालच्या गोठ्यात, म्हशीच्या पोटाला लागून बसल्या.

"सकाळी जरा थांबलं. राजू पाणी पाणी करत होती. घरातलं संपलेलं. ती म्हणाली, मी आणते, झरा जवळच आहे. मी म्हटलं मी जाते. तर म्हणाली, तू पोराची आई, बस. कॅन घेऊन गेली. परत येताना वाटेवर पडला गोळा." सेजलने करवंटी हंड्यावर ठेवली. "मी ओढत आणली तिला. दुपारपर्यंत होती. संध्याकाळी हे पोकलेन घेऊन आले. खड्डा पोकलेननेच काढला. गावात दुसरं होतं कोण?"

झऱ्याचं पाणी तळच्या डबक्यातून सांडून वाहत होतं. एरवी प्रयागबाईने थेंब वाया जाऊ दिला नसता.

"मंग मला सांगितलं का नायस?"

"म्हटलं, तुम्ही म्हणाल मुसलमान बाईचं कसलं सुतक."

प्रयागबाई नेमकं तेच म्हणाली असती. पारावरच्या टोळक्याला ती महिनाभर नावं ठेवत होती, आणि स्वतःच्या घरात पोर एकटी मयत धरून बसली होती ते तिला दिसलं नव्हतं. वर आणि आमरस खात नाही म्हणून टोमणे. तिला स्वतःचीच शिसारी आली.

"कितवा दिस आज?"

"सातवा."

"म्हंजे परवाला नववा. पूजेच्या दिशी." प्रयागबाईने हंडा उचलून सुनेच्या डोक्यावर दिला. "चल. बघू कोन तुला हार घालतो ते."

पूजेच्या दिवशी देवळापुढे मांडव पडला. कर्ण्यावर सकाळपासून वीरश्रीची गाणी. चौरंग मांडला, केळीचे खांब लागले, शिऱ्याचा वास कोंडभर झाला. पोलादपूरहून आलेले भटजी कलश मांडत होते. पाहुणे निघाल्याचा फोन आला तसा राजेशने नवा कोरा फेटा बांधला आणि माइक हातात घेतला. सत्कार आधी उरकू, पाहुण्यांना पुढे दोन पूजा आहेत, असं ठरलं होतं. त्याने हाक दिली, "सीमेवरच्या रणरागिणी, आपल्या सेजलवैनी! जोरदार टाळ्या!"

टाळ्या पडल्या. सेजल बायकांच्या मागे उभी होती. पुढे आली ती प्रयागबाई, आणि ती मांडवाच्या बाहेरच थांबली.

"मी आत येत नाय. आमच्या घराला सुतक हाय."

गाणं कोणीतरी बंद केलं. उतेकरांच्या एकतीस घरांत कोणाच्याही घरी सुतक म्हणजे सगळ्या घरांना सुतक, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. पूजा नाही, प्रसाद नाही, देवाला हात नाही. बायकांच्यात कुजबुज झाली, प्रवीणचं काही? प्रयागबाईने हात वर केला.

"माझा लेक बरा हाय. सेजल ज्या बाईकडं ऱ्हात व्हती ती गेली. गोळा लागून. हिच्या पोरीसाठी पानी आनायला गेली व्हती. रेशम बी नाव."

"काकी," राजेश माइक बाजूला न करताच म्हणाला, त्यामुळे सगळ्या दरीला ऐकू गेलं, "मुसलमान बाईचं सुतक? डोस्कं फिरलंय काय तुझं?"

"तळीयेला दरड कोसळली तवा तू गेलावतास ना मदतीला?"

"गेलो व्हतो. मंग?"

"ज्यांनी ज्यांनी मयताला हात लावलानी, त्या सगळ्यांनी दहा दिस सुतक पाळलानी. तू बी पाळलास. त्या टायमाला कुनाचं गोत्र इचारलंवतास?"

"ते आपले व्हते!"

"नाव तरी म्हायत व्हतं का एकाचं? हिला नाव म्हायतीय. हिनं तिच्या चुलीवरचं खाल्लंय."

भटजी पुढे झाले. दक्षिणा डोळ्यांदेखत निसटताना पाहिलं की भटजींना शास्त्र फार पटकन आठवतं. ते मवाळपणे म्हणाले, "हे पाहा, परगोत्राचं, त्यातून परधर्माचं, असं अशौच शास्त्रात लागत नाही. फार तर सूनबाईंनी डोक्यावरून स्नान करावं. एक बादली पाण्याचं काम आहे. पाच मिनिटांत मोकळे."

राजेशने लगेच पोरांना बादली आणायला सांगितलं. बादली आलीसुद्धा. माणूस मेल्याचं दुःख बादलीभर पाण्यात निपटायला निघालेली ती शहाणी मंडळी बघून प्रयागबाईला हसावं की थुंकावं कळेना. पण तिला ठाऊक होतं, की आपल्या बोलण्याने काही होणार नाही. पूजा थांबवायचा शब्द एकाच माणसाकडे होता.

येसाजीआबा देवळाच्या पायरीवर बसले होते. भावकीतले सर्वांत वडील, वय नव्वदीला टेकलेलं, देवाचं पहिलं गाऱ्हाणं त्यांचं. त्यांना कमी ऐकू यायचं, म्हणून मंडळाने त्यांना नेहमीप्रमाणे हार घालून बाजूला बसवलं होतं. त्यांनी काठीने सेजलला जवळ बोलावलं. तिने डोक्यावरून पदर घेतला आणि पुढे जाऊन उकिडवी बसली.

"मरताना कोन व्हतं तिच्यापाशी?"

"मी, आबा. आणि राजू."

"तोंडात पानी कुनी घातलान?"

"मी. पण आबा, कॅन फुटलेला. त्याच्या तळाशी राहिलं होतं दोन घोट. ती पाणी मागत होती, राजूपण मागत होती. मी आधी राजूला पाजलं. उरलं ते तिच्या तोंडात घातलं. ओठ ओले झाले फक्त."

ही गोष्ट तिने सासूलाही सांगितली नव्हती. बादली धरून उभ्या असलेल्या पोराने ती हळूच खाली ठेवली.

"ती काय बोल्ली?"

"मी राजूला पाजत होते तेव्हा मान हलवत होती. हो, हो, अशी."

येसाजीआबांनी काठी पायरीला टेकवून ठेवली. मग त्यांनी गळ्यातला हार काढून पायरीवर ठेवला.

"मरत्याच्या तोंडात जो पानी घालील, त्याला सुतक. माझ्या आज्यानं असंच सांगितलान. पोरगी आमच्या घरची. हिला सुतक, म्हंजे आमाला सुतक. देवाचं दार वढा."

"आबा, शास्त्रात," भटजी म्हणाले.

"शास्त्र तुमचं, भटजीबुवा. भावकी आमची."

राजेशची काय अवस्था झाली ते सांगण्यात मजा आहे. फेटा कपाळावर घसरला, एका हातात माइक, दुसऱ्या हातात श्रीफळ. "आबा, पाव्हनं पोलादपूर सोडून निघालेत! बरं, पूजा ऱ्हाऊ दे. सत्कार तरी करू. शाल आनि हार, बास."

"घाल की हार," प्रयागबाई म्हणाली. "सुतकाच्या घरात हार कुनाला घालतात ते ठाव हाय ना तुला? जा, पुस तुझ्या आयशीला."

राजेशने आईकडे पाहिलं. गीताबाईने तोंड फिरवलं होतं. पाहुण्यांना फोन लावला तर ते अर्ध्या वाटेवर होते. ऐकून म्हणाले, काही हरकत नाही, मग शिवथरचा कार्यक्रम लवकर उरकतो. आणि गाडी तिथूनच वळली. कोण मेलं, हे त्यांनी विचारलं नाही. रणरागिणीचं नावही त्यांना आठवलं नसेल. सहाशे माणसांचा शिरा टेंपोत घालून खालच्या वाडीला पाठवला, तिथे दुसरी भावकी. सामन्याची अंतिम फेरी रद्द झाली. सुतळी बॉम्बचा खोका मंडळाच्या खजिनदाराने परत घरी नेला, पुढच्या वर्षीसाठी, म्हणजे ह्या लोकांना पुढच्या वर्षीही लढाई हवी होतीच.

प्रयागबाई घरी येऊन ओट्यावर बसली. जिंकल्यासारखं तिला काही वाटत नव्हतं. आत सेजल भिंतीला टेकून बसली होती, हात मांडीवर, आणि राजनंदिनी तिच्या पदराशी खेळत होती. सासूला आत जाऊन काहीतरी बोलावंसं वाटलं. त्या दोन घोटांबद्दल. पण आईने पोराला आधी पाजलं ह्यात तिची चूक नाही, हे सांगायला जावं तर ते सेजलला कळत नव्हतं असं थोडंच होतं? कळूनही टोचतं, त्याला कोण काय करणार?

उन्हं उतरली तेव्हा अंगणात पावलं वाजली. गीताबाई. हातात फडक्याखाली झाकलेली परात. प्रयागबाईने टोमणा जिभेवर आणून ठेवला, सहाशेतला शिरा उरला वाटतं.

गीताबाईने फडकं काढलं. पिठलं होतं आणि नाचणीच्या भाकऱ्या. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून पहिल्या दिवशी भावकीतून कोणीतरी असं अन्न आणतं. त्याला कडू घास म्हणतात.

"नववा दिस हाय गो," प्रयागबाई म्हणाली. "आता कसला कडू घास?"

"आमाला आज कळलं. आमचा पयलाच दिस." गीताबाई तिच्याकडे न बघता आत गेली आणि गुडघे धरत सेजलपुढे बसली. "पोरगा माझा गाढव हाय. मी बी तुला नशीबवान म्हनाले त्या दिशी. खा."

सेजलने हात पुढे केला नाही. मग काहीतरी बोलायचं म्हणून, बायका मयताच्या घरी विचारतात तसं, गीताबाईने विचारलं, "तिकडं तिच्या घरी कुनी आनलान गो कडू घास?"

"कुणी नाही. गावात कुत्रंसुद्धा नव्हतं, काकी." सेजलने परातीतल्या भाकरीकडे पाहिलं. "पाण्याला जायच्या आधी तिने मक्याच्या रोट्या करून ठेवल्या होत्या. फडक्यात बांधून. त्याच खाल्ल्या आम्ही दोन दिवस. मी नि राजूने."

गीताबाई पुढे सरकली. मग तिने भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्याला लावला आणि आपल्या हाताने सेजलच्या तोंडाशी नेला. सेजलने तो घेतला, आणि चावता चावताच ती रडायला लागली, मोठ्याने, शेजारपाजारचे बाहेर येतील इतक्या मोठ्याने. प्रयागबाईने उठून दार लोटून घेतलं.